विश्वासू मिस्त्र्याच्या शोधांत : अमरावती ते अकोला

तीर्थयात्रेस जाणारे, लग्नकार्यास जाणारे आणि हवापालटास जाणारे असे प्रवाशांचे तीन वर्ग आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहोंत. गेल्या मार्गशीर्षांत अमरावतीहून अकोल्यापर्यंत आमचा जो प्रवास घडला तो या तिहींपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. आम्ही निघालों होतों एका विश्वासू मिस्त्र्याच्या शोधार्थ. आणि मिस्त्री हवा होता तोहि रोजच्या मोटारीकरितां नव्हे, तर पाऊणशें वर्षांहून अधिक वयाच्या एका इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीकरितां. अशा कामावर निवृत्त संस्कृत शिक्षकाची नेमणूक कां व्हावी, असा प्रश्न वाचकांस पडेल. उत्तर इतकेंच कीं, घरांत रिकामा वेळ आमच्याचजवळ होता.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची. त्यांनीं ती १९६८ सालीं नागपुरास एका गृहस्थाकडून घेतली आणि त्यांच्या मागें ती आमच्या पुतण्याकडे आली. गेल्या पावसाळ्यांत एका उतारावर तिचा ब्रेक लागला नाहीं. बांधकामाच्या वाळूचा ढीग आडवा आला म्हणून निभावलें. त्या दिवसापासून सूनबाईंनीं मुलांस त्या गाडींत बसूं दिलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. मुंबईच्या एका गिऱ्हाइकानें बरी किंमत देऊं केली होती व गुढीपाडव्यापर्यंत उत्तर मागितलें होतें. पुतण्याचें म्हणणें असें कीं, खात्रीचा कारागीर मिळाला तर गाडी ठेवूं, न मिळाल्यास देऊन टाकूं. जीवावरचा खेळ नको. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. मात्र दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ घालून झाल्यावरहि त्या बराच वेळ तेथेंच उभ्या होत्या.

गाडीचें नांव एम.जी., वर्ग टी.सी., जन्म १९४८ चा. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड येथील या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलके, चपळ सांगाडे चढवून विकण्यास आरंभ केला. पुढें ॲबिंग्डन गांवीं स्वतंत्र कारखाना झाला; तो १९८० सालीं बंद पडला. आपल्या रस्त्यांवर २०१९ पासून त्याच नांवाच्या ज्या नव्या गाड्या दिसतात, त्यांचा या जुन्या गाडीशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. टी.सी. वर्गाच्या सुमारें दहा हजार गाड्या १९४५ ते १९४९ या काळांत झाल्या. बसावयास जागा दोघांपुरती, एंजिन १२५० सी.सी.चें, चाकें सायकलीसारखीं तारांचीं; आणि अंगावरचा पत्रा ज्यावर ठोकला आहे तो सांगाडा चक्क लांकडाचा, ॲश नांवाच्या विलायती वृक्षाचा. म्हणजे हिच्या दुरुस्तीस लोहार, सुतार व वैद्य या तिघांचे गुण एकाच माणसांत हवेत.

प्रथम अमरावतींतच शोध केला. येथील गॅरेजवाले वाईट नाहींत, उलट एका तरुण कारागिरानें बॉनेट उघडून पाहिलें आणि हात जोडून सांगितलें, "गुरुजी, आम्ही संगणक लावून दोष पाहतो. हिला तो लावायचा कुठे?" त्याच्या या प्रामाणिकपणाचें आम्हांस कौतुक वाटलें, कारण याच्या उलट अनुभव पूर्वीं पदरीं पडला होता. दोन वर्षांपूर्वीं पुतण्यानें ही गाडी एका मोठ्या शहरांतील चकचकीत गॅरेजांत पाठविली होती. तिचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. तेथून ती रंगरंगोटी होऊन परत आली खरी, परंतु एंजिनाचा एक बोल्ट घट्ट बसेना आणि अमीटरचा कांटा उलट दिशेस फिरूं लागला. बिलावर मात्र "सर्व काम पूर्ण" असा शेरा होता.

त्या बोल्टाची कथा मोठी मनोरंजक आहे. मॉरिस यांनीं १९२३ सालीं कॉव्हेंट्री येथील एक एंजिनाचा कारखाना विकत घेतला. तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत उभारलेला. त्यांतील यंत्रें फ्रेंच, म्हणून आटे पडत ते मिलिमीटरच्या मापाचे. यंत्रें बदलणें खर्चाचें होतें, आणि इंग्रज कारागिराजवळ पाने होते इंचाचे. तेव्हां त्यांनीं असा तोडगा काढला कीं, बोल्टाचे आटे मिलिमीटरचे ठेवावे आणि डोकें तेवढें इंग्रजी व्हिटवर्थ मापाचें करावें. हीच रीत टी.सी.च्या एंजिनापर्यंत चालत आली. डोकें पाहून जो कारागीर आंतील आटेहि इंग्रजीच समजेल, तो त्या छिद्रांत इंग्रजी टॅप फिरवून मूळचे आटे कापून टाकील. आमच्या गाडीचें नेमकें हेंच झालें होतें. संस्कृतांत शब्दाचें बाह्य रूप पाहून विभक्ति ठरविणाऱ्या विद्यार्थ्यांची आम्हांस आठवण झाली.

अशा स्थितींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यांत हिशेबनीस आहे. सर्व हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, मोटारीचा मिस्त्री शोधूं नका, जिनाचा फिटर शोधा. आमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत." दुसऱ्याच दिवशीं पुतण्याची रोजची गाडी घेऊन आम्ही उभयतां निघालों. बरोबर तो बोल्ट कागदांत गुंडाळून घेतला होता.

अमरावतीहून अकोलें सुमारें शंभर किलोमीटर. बडनेरा मागें पडलें कीं दोहों बाजूंस काळीभोर जमीन पसरते. मार्गशीर्षांत तुरी भरास आलेल्या असतात, वेंचणी चालू असते, आणि कापसानें फुगलेल्या गाड्या रस्त्यानें डुलत जात असतात. त्यांतून निसटलेला कापूस बाभळींच्या कांट्यांस अडकून राहिलेला दिसतो. रस्ता आतां उत्तम आहे. जून २०२२ मध्यें याच अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचें डांबरी काम सलग करण्यांत आलें व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पूर्वीं याच वाटेवर ज्यांनीं कंबरेचे मणके खिळखिळे करून घेतले, त्यांसच या आंकड्यांचें मोल कळेल.

मूर्तिजापुरास चहाकरितां थांबलों. एका बाजूस यवतमाळ व दुसऱ्या बाजूस अचलपूर अशा शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांचें हें जंक्शन. मँचेस्टरला १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धांवलें. आतां ती गाडी थांबली आहे व रुळांवर गवत माजलें आहे. परंतु सत्तर वर्षांवर एक परदेशी यंत्र या उन्हांत व धुळींत चाललें, तें कोणाच्या बळावर? तें बांधणाऱ्यांचें नांव पाटीवर असतें. तें चालतें ठेवणाऱ्यांचें कोठेंच नसतें.

जिनाच्या फिटराचें नांव आमच्या शिष्यानें कां सुचविलें, हेंहि येथेंच उलगडूं लागलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) तेथील कापूस विलायतेस मिळेना, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पूर्ण झाला आणि त्याच्या कडेनें गांवोगांव सरकी काढण्याचे जिन व गठाणी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. ही यंत्रें लँकेशायरकडून येत. त्यांचे नटबोल्ट व्हिटवर्थ मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें हें माप ठरवून दिलें. त्यांतील आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मिलिमीटरच्या आट्याचा ६० अंशांचा. आपल्या देशांत १९५८ पासून मेट्रिक मापें टप्प्याटप्प्यानें आलीं, आणि जुनीं यंत्रें चालूच असल्यामुळें वऱ्हाडच्या जिनांतील फिटरांस दोन्ही भाषा शिकाव्या लागल्या. जें ज्ञान शहरच्या गॅरेजांत लोप पावलें, तें येथें कापसाच्या धुळींत टिकून राहिलें.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या वस्तींतील एका बोळांत मिस्त्र्यांचें दुकान गांठलें. टिनाचें छप्पर, एक जुनें लेथ यंत्र, भिंतीवर मापाप्रमाणें टांगलेले पाने, आणि बिस्किटांचे रिकामे डबे. प्रत्येक डब्यावर खडूनें काम आणणाऱ्याचें नांव. मिस्त्री सत्तरीचे, अंगानें कृश. आम्हीं बोल्ट पुढें ठेवला. त्यांनीं चष्मा चढविला, आट्यांच्या मापाच्या पट्ट्यांचा जुडगा काढला, एकामागून एक पट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, "डोकं इलायती, आटे मिलिमीटरचे. यात टॅप घालाचा नाही जी." तो घातला गेला आहे, असें आम्हीं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

मग त्यांनीं दोन प्रश्न विचारले. पहिला, "बॅटरीचा कोनता तार बाडीले लावला हाये?" त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत धन टोंक सांगाड्यास जोडीत, आज ऋण टोंक जोडतात. गॅरेजनें आजची रीत लावली होती, म्हणून अमीटर उलटा. दुसरा प्रश्न, "आधी कोनं कोनं हात लावला? लपवू नका. गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलते." पुतण्यानें सर्व हकीकत सांगितली. वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं पूर्वींचीं औषधें विचारतो, तसाच हा प्रकार होता. भावाचा प्रश्न आम्हींच काढला, तेव्हां ते म्हणाले, "खोलल्याबिगर कसा सांगू?"

गाडी चालवीत आणण्यास त्यांनीं साफ नकार दिला, म्हणून ती ट्रकवरून नेली. उघडल्यावर निदान झालें: ब्रेकच्या नळ्यांत कोणीतरी खनिज तेल ओतलें होतें, त्यानें आंतील रबरी वाट्या फुगून निकामी झाल्या होत्या. स्थानिक बाजारांतील जवळपासच्या मापाच्या वाट्या बसवून गाडी आठ दिवसांत मिळाली असती. मिस्त्री म्हणाले, "ब्रेकचं काम अंदाजे करत नसते." या वर्गाचे सुटे भाग इंग्लंडांत आजहि नवे बनतात, ते मागवून जकात भरून हातीं येण्यास पांच आठवडे लागले. दरम्यान त्यांनीं कापलेलें छिद्र मोठें करून त्यांत आट्यांची बारीक बाही बसविली व मूळ मापाचे आटे परत दिले. दाराखालील कुजलेला लांकडी तुकडा पाहून त्यांनीं सांगितलें, "हे माहं काम नाही," आणि परतवाड्याच्या एका सुताराचा पत्ता दिला. मेळघाटच्या सागवानाचा तुकडा तेथें बेतून झाला.

या दोन महिन्यांत जें दिसलें तें गृहस्थ वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों. मोटार कोणतीहि असो, घरचें यंत्र कोणतेंहि असो. जो उघडण्यापूर्वीं किंमत सांगतो त्याच्यापासून सावध राहावें. जो आधीं प्रश्न विचारतो, जुने काढलेले भाग मोजून परत देतो, आणि आपल्या आवांक्याबाहेरचें काम दुसऱ्याकडे धाडतो, त्याच्या हातीं किल्ली निःशंक द्यावी. दुकानाच्या फरशीवरून कारागिराची परीक्षा करूं नये. त्याच्या नकारावरून करावी.

माघांत गाडी घरीं आली. अकोल्याहून निघतांना मिस्त्री स्वतः पुतण्याशेजारीं बसले व मूर्तिजापुरापर्यंत रिकामा रस्ता पाहून ठिकठिकाणीं ब्रेक लावावयास सांगत राहिले. मग एस.टी.नें परत गेले. मुंबईच्या गिऱ्हाइकास पाडव्यापूर्वींच नकार कळविला. सूनबाईंनीं आधीं स्वतः बसून पाहिलें, मग मुलांस परवानगी दिली.

एक चिंता मात्र उरली आहे. मिस्त्र्यांचा मुलगा पुण्यास कारखान्यांत नोकरीस आहे आणि परत येण्याचा त्याचा विचार नाहीं. त्यांत त्याचा दोष नाहीं. पुतण्याच्या थोरल्या मुलानें यंत्रविद्येच्या पदविकेस नांव घातलें आहे. गेल्या चार रविवारीं तो सकाळच्या गाडीनें अकोल्यास जातो. मिस्त्र्यांनीं अजून त्याच्या हातीं पाना दिलेला नाहीं. ते त्याला पट्ट्या लावून निरनिराळे आटे ओळखावयास बसवितात. परवां परत आल्यावर त्यानें वहीचें पान आम्हांस दाखविलें. सव्वीस बोल्टांपैकीं एकोणीस बरोबर होते.