आयपी अड्रेस आणि झेरॉक्सवाला

शनिवार सकाळ. चहा झालाय, आज लोकल पकडायची नाहीये, तेव्हा बरेच दिवस टोचणारी एक गोष्ट लिहून टाकतो.

गेल्या वर्षी बाईकच्या लोनसाठी बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "तुमचं आधीचंच लोन थकलंय की!" मी उडालोच. क्रेडिट रिपोर्ट काढला, तर कुठल्याशा अ‍ॅपवरून माझ्या पॅनवर 18 हजारांचं लोन. एकही हप्ता भरलेला नाही. घरी सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, "खरं सांग, शेअर बाजारात घालवलेस ना?"

म्हणजे घरातला पहिला संशयित मीच :)

मग मी माझा संशयित शोधला. मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक झेरॉक्सवाला आहे. जानेवारीत भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटसाठी पॅन आणि आधार त्यालाच व्हॉट्सअ‍ॅप केले होते. दुसरं कोण असणार? संध्याकाळी, दुकानात पाचसहा गिऱ्हाईकं उभी असताना, मी त्याला मोठ्याने विचारलं, "माझे पेपर कोणाला विकलेस?" तो नुसता बघत राहिला. "दादा, मी कशाला..." एवढंच बोलला.

आता थोडं विषयांतर. ऑगस्ट 2007 मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका आयटीवाल्याला घरातून उचललं. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. पोलिसांकडे आयपी अड्रेस होता, आणि तो कोणाचा हे सांगताना इंटरनेट कंपनीने चुकीच्या ग्राहकाची माहिती दिली. आपल्यासारखाच नोकरदार माणूस, ज्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता, तो 50 दिवस येरवड्यात राहिला.

पुढच्या वर्षी, 26 जुलै 2008 ला, अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेल्सना धमकीचा ईमेल गेला. माग निघाला तो नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायपर्यंत. एटीएसने त्याची कसून चौकशी केली. ईमेल पाठवणाऱ्यांनी त्याचं उघडं वायफाय वापरलं होतं. नंतरचे ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले.

आपण इंजिनियर लोक हे किस्से वाचून हसतो. आयपी म्हणजे माणूस नव्हे, फार तर घराचा दरवाजा. तोही बदलता असेल तर नेमकी वेळ लागते. वेळ किंवा टाइमझोन चुकला की दुसऱ्याच्याच दारावर थाप. लॉग नीट बघा ना राव, एवढं साधं!

आणि मी काय केलं होतं? लोन कधी घेतलं, तो कॉलमच वाचला नव्हता. पैसे नोव्हेंबरमध्ये उचलले गेले होते. झेरॉक्सवाल्याला मी पेपर दिले त्याच्या दोन महिने आधी!

पुढचं काम कंटाळवाणं, पण झालं. 1930 वर फोन, सायबर पोर्टलवर तक्रार, क्रेडिट ब्युरोकडे आणि लोन देणाऱ्या कंपनीकडे डिस्प्यूट. कंपनीने केवायसीचा फोटो तपासला तर भलताच चेहरा. नोंद निघाली. तुम्हीही वर्षातून एकदा रिपोर्ट बघा, प्रत्येक ब्युरो वर्षाला एक फुकट देतो. तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर 2024 पासून दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणाऱ्याला आयटी कायद्याच्या कलम 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. माझे पेपर कुठून गळले, ते मात्र आजवर कळलेलं नाही.

चारचौघांत खोटा आळ घेणाऱ्यासाठी कुठलं पोर्टल नाही. रविवारी सकाळी दुकानात गेलो. गर्दी होईपर्यंत थांबलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी होती, सॉरी." तो म्हणाला, "ठीक आहे दादा. पण समोरच्या सोसायटीवाले आता येत नाहीत."

मी अजूनही तिथेच झेरॉक्स काढतो. प्रिंट झाली की तो मॉनिटर माझ्याकडे वळवतो आणि फाईल डिलीट करून दाखवतो. मी नको म्हटलं तरी.

असो.