पंचवीस काडतुसं

रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यावं यावर वरवंडमध्ये मला डझनभर माणसांनी सल्ला दिला. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात छऱ्याची बंदूकसुद्धा हातात धरलेली नसेल. पण त्यात घालायचं काय, हे एकानेही विचारलं नाही. पुण्यातल्या ज्या दुकानातून मी ते घेतलं तिथल्या म्हाताऱ्या मालकांना मी काडतुसांबद्दल चार प्रश्न विचारले, तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ट्रॅक्टर घेताना डिझेल कुठल्या कंपनीचं असं विचारता का?" विचारत नाही, हे खरंच आहे. पण डिझेल टाकीत राहतं. गोळी आपल्या हातातून सुटून दुसऱ्याकडे जाते.

आधी हे घ्यावं का लागलं, ते सांगतो. सोलापूर रस्त्यापासून आत आमचं गुऱ्हाळ आहे. दौंड तालुक्यात कॅनॉलच्या पाण्यावर ऊस आला आणि उसामागून गुऱ्हाळं आली. आता केडगाव-वरवंड पट्ट्यात संध्याकाळी उभं राहिलं की चुलवणांचा धूर मोजता येतो. धंदा अजून बराचसा रोखीचा आहे. उसाचे पैसे, चिपाड ओढणाऱ्यांचे, गुळव्याचे, टेम्पोवाल्याचे. तीन वर्षांपूर्वी वडील केडगावहून पट्टीचे पैसे घेऊन येत होते, तेव्हा दोघांनी गाडी आडवी घातली. पैसे गेले. उजवं मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही. चाळीस वर्षं काहिलीतला पाक दोन बोटांत धरून गूळ आला की नाही सांगणारा माणूस आता चहाची बशी डाव्या हाताने उचलतो. त्यानंतर मी परवान्याचा अर्ज केला.

परवान्याने अर्धी निवड आधीच केलेली असते. पिक्चरमध्ये दिसतं ते नऊ मिलीमीटरचं पिस्तूल आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतं, म्हणजे लष्कर-पोलिसांचं. सामान्य माणसाच्या वाट्याला मुख्यतः बत्तीस बोअर येतो. त्यातही दोन बत्तीस आहेत आणि नावाच्या सारखेपणामुळे लोक फसतात. एक रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस, स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ मध्ये आणलेलं, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं. दुसरं पिस्तुलाचं, ब्राऊनिंगने १८९९ मध्ये बनवलेलं आखूड काडतूस, ज्याला ७.६५ मिलीमीटरही म्हणतात. दोन्हींवर बत्तीस लिहिलेलं असलं तरी एकाचं दुसऱ्यात घालायचं नसतं. मी कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं. जुन्या वेब्लीच्या धाटणीचं, मधून मोडून उघडणारं, सहा घरांचं. म्हणजे काडतूस ठरलं: १८९६ चं. आमच्या घरात एवढं जुनं दुसरं काही नाही, पणजोबांची काहीलसुद्धा नाही.

आता या एका काडतुसाचे सल्लागार बघा.

पहिला माझा मुलगा, दहावीतला. मोबाईलवरच्या खेळामुळे त्याला सगळ्या गोळ्यांची नावं पाठ. पाच छप्पन, सात बासष्ट, पंचेचाळीस एसीपी. पाढे विचारले तर सतराच्या पुढे गाडी अडते. बत्तीस म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "पप्पा, ही तर एकदम वीक आहे." त्याचं बरोबर आहे. या काडतुसाची शिशाची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. नऊ मिलीमीटरच्या तुलनेत तिचा जोर तिसऱ्या हिश्शाएवढा.

दुसरा मेहुणा. तो ह्यूस्टनला असतो. तिथे म्हणे किराणा घ्यावा तशा मांडणीवरून काडतुसांच्या पेट्या उचलायच्या. त्याने व्हिडिओ कॉलवर मला 'हॉलो पॉइंट' समजावून सांगितली. टोकाला खळगा असलेली गोळी शरीरात शिरली की फुलासारखी उमलते, आतच थांबते आणि मागच्या माणसाला लागत नाही. म्हणून तिकडचे पोलीसही तीच वापरतात. ऐकायला विचित्र वाटतं, कारण उमलणाऱ्या गोळीला सगळं जग 'डमडम' म्हणून शिव्या देतं. हे नाव आपल्याच देशातलं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या इंग्रजी कारखान्यात ती निघाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली. लढाईत जी क्रूर ठरली, ती शहरातल्या रस्त्यावर जास्त सुरक्षित मानली जाते. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी पटतं, हीच अडचण. पण मला डोकं शिणवायचं कारण नव्हतं. दुकानात ती नव्हतीच. असती तरी तीन इंची नळीतून निघालेल्या बत्तीसच्या गोळीला उमलण्याइतका वेग क्वचितच मिळतो. उमलली नाही की ती साधी गोळीच.

(नेमबाजांसाठी याच बोअरमध्ये आणखी एक गोळी मिळते, सपाट तोंडाची. कागदावर पंच मशीनने पाडावं तसं स्वच्छ भोक पाडते. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणाने ज्या सेंटर फायर प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो प्रकार बहुतांशी बत्तीसवरच खेळला जातो. ज्या काडतुसाला माझा मुलगा नाक मुरडतो, त्याच्यात इतका नेमकेपणा आहे. ते खेळाडूंसाठी, आपल्यासाठी नाही.)

तिसरे गावातले एक पाटील. त्यांनी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढून आणला. त्यात आज्याची काडतुसं, पितळ हिरवं पडलेलं. "घे, तुझीच समज." मी हात लावला नाही. माझ्या परवान्यावर नोंद नसलेलं काडतूस माझ्याकडे सापडलं तर तो गुन्हा, आणि ज्याचा आज्या कधी वारला तेही नक्की माहीत नाही त्याच्या दारूवर कोण भरवसा ठेवणार? त्यांना ती यवतच्या ठाण्यात जमा करा म्हणालो. डबा पुन्हा माळ्यावर गेला असणार.

चौथे मामा. राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले, दौंडलाच राहतात. मी सगळं ऐकवलं. खळग्याची गोळी, सपाट गोळी, वेग, वजन. ते म्हणाले, "चल, गुऱ्हाळावर जाऊ."

तिथे त्यांनी मला हिशेबाच्या खोलीच्या दारात उभं केलं. "पैसे इथं असत्यात ना? मग चोर कुठून यील?" मी समोर बोट केलं. "त्याच्या मागं काय हाय?" मागे कामगारांच्या खोल्या. आमच्याकडे आता बरेचसे कामगार उत्तर प्रदेशातले, बायकामुलांसह आलेले. विटांची एक ओळ आणि बाकी पत्रा. डावीकडे चुलवण, तिथे जळव्या रात्री अडीचलाही चिपाड सारत असतो. उजवीकडे चिपाडाची गंजी, तिच्या सावलीला पोरं खेळतात. मागे आमचं घर. मामांनी पत्र्यावर बोटाने टकटक केलं. "शिशाची असू दे न्हाईतर सोन्याची. ह्यातनं जाती."

मी चारी बाजूंना दोनदा फिरून बघितलं. त्या आवारात उभं राहून कुठल्याही दिशेला गोळी सोडली, तर ती थांबेल अशी एकच जागा सापडली: ऊस उतरवायला केलेला मातीचा धक्का, तोही आठ-दहा फुटांचा. गेली तीन वर्षं मी गोळी चोराला लागेल की नाही याचा विचार करत होतो. बायको पहिल्या दिवसापासून दुसरंच विचारत होती. "लागली न्हाई, तर कुणाला लागंल?" तिने कधी गोळ्यांचे व्हिडिओ बघितले नव्हते.

बिबट्याचं मध्येच सांगून टाकतो, कारण अर्ध्या गावाला वाटतं मी हत्यार त्याच्यासाठी घेतलं. शिरूरपासून इकडे भीमेच्या काठाकाठाने उसात बिबटे आहेत आणि रात्री पाणी धरायला जाताना पोटात गोळा येतो, हे खरं. पण बत्तीसच्या गोळीने बिबट्या मरत नाही, चिडतो. आणि १९७२ च्या कायद्याने तो संरक्षित आहे. त्याच्यासाठी बॅटरी, काठी, सोबत दुसरा माणूस आणि मोठ्याने बोलणं. मोबाईलवर भजन लावून जाणारेही आहेत.

मग शेवटी निवडलं काय? दुकानात होती ती एकच: खडकीची. वरवंडहून पन्नास-साठ किलोमीटरवर, १८६९ पासून दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यातली. २०२१ मध्ये कंपन्या वेगळ्या झाल्यावर कागदोपत्री नाव बदललं, तरी दुकानदार अजून 'के. एफ.'च म्हणतो. गोल टोकाची शिशाची गोळी. मला निवडीचं काही उरलंच नाही असं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. मामांनी सांगितल्याप्रमाणे मी पेट्या उघडून मागितल्या. सगळी एकाच लॉटची. ताज्या वर्षाची. पितळावर डाग नाही, चेपलेलं नाही, गोळी सैल नाही, बुडाची टोपी वर आलेली नाही. म्हाताऱ्या मालकांनी आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच भिंग काढून दिलं. पंचवीस घेतली. परवान्यावर नोंद झाली, आकडा आणि तारीख.

त्यातली बारा मी त्याच महिन्यात पुण्यातल्या एका क्लबच्या रेंजवर संपवली. मेहुण्याला हे वेडेपण वाटलं, एवढी मोजून मिळणारी काडतुसं कागदावर का घालवायची? पण काडतूस चांगलं आहे की नाही हे कळायला ते उडवण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. बारातलं एकही अडलं नाही. अडलं तर नळी समोरच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायचं नाही, हे शिकवणाऱ्याने तीनदा म्हणून घेतलं. दहा मीटरवर माझ्या बारातल्या सात कागदाच्या मधल्या भागात लागल्या. दोन कागदालाच लागल्या नाहीत. रेंजवर कागदामागे मातीचा उंच बांध होता. त्या दोन गोळ्या तिथे गेल्या.

स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, मी वकिलाकडून समजून घेतला आहे. त्यात आणि त्या दोन गोळ्यांत बरंच अंतर आहे.

गुऱ्हाळावर रिव्हॉल्व्हर ठेवायचं नाही असं ठरलं. घरी भिंतीत बसवलेल्या लोखंडी पेटीत असतं, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. पैसे घेऊन रस्त्याने जायचं असेल तेव्हाच भरतो, पाच, घोड्याखालचं घर रिकामं ठेवून. तेही दिवस कमी करत आणलेत. आडत्याला म्हटलं, बँकेत टाक. कामगारांपैकी बहुतेकांची खाती गावाकडे आहेत, त्यांना मोबाईलवरून जातात. गुळव्या मात्र रोखच मागतो आणि त्याच्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही.

वडिलांना मी काडतूस हातात दिलं होतं, एकदाच. त्यांनी ते डाव्या तळहातावर ठेवलं, वजन घेतलं, बुडावरची अक्षरं चष्मा लावून वाचली. "शिसंच हाय," म्हणाले आणि परत दिलं. पाकाची परीक्षा आता मी करतो. ते शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि अजून दोन मिनिटं थांब म्हणतात.

विधानसभेच्या निवडणुकीत हत्यार जमा करायची नोटीस आली. ठाण्यात रिव्हॉल्व्हरचा नंबर बघून पावती लिहिली. हवालदाराने काडतुसं मोजली. तेरा. रिकाम्या पुंगळ्या किती, विचारलं. बारा, पिशवीत आणल्या होत्या. त्याने त्या टेबलावर ओतून जोड्या लावून मोजल्या आणि पावतीवर सही कुठे करायची ते दाखवलं.