पापणी उजवी, लकवा डावा. आजार मात्र एकच

लकवा म्हटलं की वाकडं तोंड आणि एकाच बाजूचा लुळा हात-पाय डोळ्यांसमोर येतो. पण क्वचित असंही होतं, की पापणी एका बाजूची पडते आणि हात-पाय दुसऱ्या बाजूचे जातात. मग घरचे लोक दोन आजार समजतात आणि दोन डॉक्टर शोधतात.

हिंगणघाटला माझ्याकडे साठीतले एक मधुमेही शेतकरी असेच आले. उजवी पापणी पूर्ण मिटलेली, डावा हात-पाय कमजोर. मुलगा म्हणाला, "डोळ्याचं उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवतो, तुम्ही हाताचं पाहा." मी बोटाने पापणी वर उचलली, तेव्हा ते म्हणाले, "आता दोन-दोन दिसतात." बुबुळ बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, बाहुली मोठी होती आणि टॉर्चच्या उजेडाने आकसत नव्हती. म्हणजे दोष डोळ्यात नव्हता, मेंदूत होता. मी त्यांना तिथूनच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. एमआरआयमध्ये मध्यमेंदूच्या उजव्या भागातच इजा दिसली.

मध्यमेंदू म्हणजे मिडब्रेन. याची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. पापणी उचलणारी नस इथून निघून त्याच बाजूच्या डोळ्याकडे जाते. तिला लागूनच हातापायांना हुकूम नेणारे तंतू उतरतात, पण ते आणखी खाली जाऊन बाजू बदलतात. त्यामुळे इथली एक लहानशी रक्तवाहिनी बंद पडली, तर उजवा डोळा आणि डावे हात-पाय एकदम जातात. याला वेबर सिंड्रोम म्हणतात. हर्मन वेबर यांनी १८६३ मध्ये लंडनमध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रेचाही शोध लागलेला नव्हता. इजा थोडी मागे असेल, तर समोरचा हात नकळत थरथरतो किंवा ताकद असूनही नेम चुकतो. त्यांना बेनेडिक्ट आणि क्लॉड यांची नावं आहेत.

घरी ओळखायची एक खूण सांगतो. चेहऱ्याच्या साध्या लकव्यात डोळा मिटत नाही. इथे तो उघडत नाही. पापणी अचानक पडली आणि सोबत हात-पाय कमजोर झाले, तोल गेला किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्याकडून सेवाग्राम किंवा नागपूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनने कळेपर्यंत घरी ॲस्पिरिन देऊ नका. सीटी नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. या भागातली लहान इजा त्यात सुरुवातीला दिसेलच असं नाही.

पापणी पडली, सोबत डोकं भयंकर दुखतंय आणि हात-पाय मात्र ठीक आहेत, तरीही थांबू नका. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा असाच सुरू होऊ शकतो.