माझ्या नावे एक रात्र

ऑक्टोबर २०२२ मध्ये वायरशार्कची ४.० ही आवृत्ती आली. मी ती उतरवून घेतली, चालू केली आणि पहिल्याच मिनिटाला चिडलो. इतकी वर्षं या पडद्यावर तीन मजले असायचे. वर पॅकेटांची यादी, मधे निवडलेल्या पॅकेटची उकल, तळाला त्याचे कच्चे बाइट. आता खालचे दोन मजले शेजारी शेजारी आणून बसवले होते. हल्लीच्या रुंद पडद्यांना हीच मांडणी बरी, हे मला कळत होतं. सेटिंगमध्ये जाऊन जुनी परत आणता येते, हेही माहीत होतं. पण रात्री अंधारात उठल्यावर हात बरोबर पाण्याच्या तांब्यावर जावा, तशी माझी नजर त्या मधल्या मजल्यावर जायची. कोणीतरी तांब्या हलवला होता.

वायरशार्क म्हणजे काय, हे घरच्यांना मी असं सांगतो: तारेतून जाणारी माहिती सलग जात नाही, तुकड्यांनी जाते. त्या प्रत्येक तुकड्याची नोंद हा प्रोग्रॅम करतो. कोण कोणाला, किती वाजता, काय म्हणालं, आणि उत्तर किती वेळानं आलं. पोस्टातल्या सगळ्या पाकिटांची कीर्द लिहावी तसं. त्यावर बायको म्हणते, म्हणजे दुसऱ्यांची पत्रं वाचायची. अगदीच चुकीचं नाही ते. राउटरमध्ये टेलनेटनं शिरताना मी टाइप केलेला पासवर्ड एकेक अक्षर करून पडद्यावर उघडा पडलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवसापासून टेलनेट सोडलं.

नवी आवृत्ती आली की मी तिच्यात एक ठरावीक फाइल उघडतो. २००४ सालची आहे. एका सीडीवर होती, मग पेनड्राइव्हवर गेली, आता कुठल्या कुठल्या डिस्कवर तिच्या प्रती आहेत. फाइल फार मोठी नाही. पण माझी नोकरी तिच्यात आहे.

त्या वर्षी मी सांगलीत एका नागरी सहकारी बँकेत ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून लागलो होतो. प्रोबेशनचा चौथा महिना. शाखा लीज लाइननं मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला जोडलेल्या. सप्टेंबरअखेरची तिमाही आली, मुदत ठेवींचं व्याज पडायला बसलं, आणि एरवी वीस मिनिटांत उरकणारं काम एक तास वीस मिनिटं चाललं. डे-एंड होईना. कॅशियर, पासिंग ऑफिसर, शिपाई, सगळे घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघत बसलेले.

माझ्याकडे बघायला कारण होतं. त्याच आठवड्यात मी जुना स्विच काढून नवा बसवला होता आणि राउटरच्या सेटिंगला हात लावला होता. त्याच आठवड्यात बँकेच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही आली होती, पण पुरवठादाराचा माणूस फोनवर म्हणाला, “आम्ही फक्त रिपोर्ट बदललेत. तुमचं नेटवर्क चेक करा.” लाइनवाले म्हणाले, लाइन टेस्टिंग ओके. साहेबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि मला एवढंच म्हणाले, “आधी सगळं नीट चाललं होतं.” या वाक्याला उत्तर नसतं.

राउटरचं एएमसी पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पस्तिशी उलटलेला, पुढचे केस गेलेले, सगळे त्याला काका म्हणत. त्यांनी राउटर तपासला, तो निर्दोष निघाला, कॉल रिपोर्टवर सही झाली. चार वाजता ते मोकळे होते. सहाच्या एसटीनं पुण्याला जायचं. माझं तोंड बघून असेल, म्हणाले, “चहा पाजतोस का?” स्टँडवर गेलो. मी सगळं सांगितलं. चहा संपला तशी त्यांनी पाव किलो भडंग बांधून घेतलं आणि म्हणाले, “चल परत. काय झालं असावं ते सगळे सांगतायत. काय झालं ते कोणी बघितलेलं नाही.”

बॅगेतून त्यांनी एक जुना चार पोर्टचा हब काढला, पंच्यात गुंडाळलेला. स्विच शहाणा असतो, ज्याचं पाकीट त्यालाच देतो. हब गावातल्या दवंडीसारखा, एकाकडून आलेलं सगळ्यांना ओरडून सांगणार. म्हणून ऐकायला बसायचं तर हबच हवा. सर्व्हरची तार हबमध्ये, काकांच्या लॅपटॉपची तार हबमध्ये, हबची एक तार स्विचला. मग लॅपटॉपवर एथरियल चालू केलं. वायरशार्कचं तेव्हाचं नाव ते.

एक अट त्यांनी आधीच घातली. “खऱ्या खातेदाराचा एक आकडा माझ्या लॅपटॉपवर येता कामा नये.” म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमधली प्रशिक्षणाची शाखा वापरली, पाचशे खोटी खाती असलेली. रात्री नऊ वाजता त्या खोट्या खात्यांवर खोटं व्याज टाकायला सुरुवात केली. घरी वाट बघत असतील, असं मी म्हणालो तर म्हणाले, “घरी काय, सगळी झोपलेली असतील.”

पडद्यावर ओळींचा पूर आला. काकांनी फिल्टर लावला, फक्त आमच्या सॉफ्टवेअरचा पोर्ट राहिला, आणि पूर ओसरून नाल्यासारखा झाला. “फिल्टर लावला की शोधतोस तेवढंच दिसतं,” ते म्हणाले. “एकदा काढूनही बघायचं असतं.” मी मान हलवली. मग त्यांनी वेळेचा रकाना असा लावला की प्रत्येक ओळीपुढे, आधीच्या ओळीनंतर किती वेळ गेला ते दिसावं. आणि भडंगाचा घास हातातच धरून थांबले.

शून्य पूर्णांक दोन सेकंद. चार ओळी खाली गेलं की पुन्हा शून्य पूर्णांक दोन. पुन्हा. पाचशे खाती, प्रत्येक खात्याला तीन विनंत्या, आणि प्रत्येक विनंतीच्या पोटात दोन दशांश सेकंदांची तीच शांतता. लाइन रिकामी होती. सर्व्हर रिकामा होता. दोघंही एकमेकांची वाट बघत उभे होते.

याचं कारण मला पुढच्या दोन तासांत कळलं, आणि आजही कोणाला सांगताना मला तितकीच मजा येते. १९८४ मध्ये जॉन नेगल नावाच्या अभियंत्यानं एक नियम सुचवला. एका अक्षरासाठी चाळीस बाइटांचा पत्ता लिहून एकेचाळीस बाइटांचं पाकीट पाठवणं ही उधळपट्टी आहे, तेव्हा आधीच्या छोट्या पाकिटाची पोच येईपर्यंत पुढचा छोटा मजकूर साठवून ठेवा. शहाणपणाचा नियम. घेणाऱ्याच्या बाजूलाही तितकाच शहाणपणाचा दुसरा नियम असतो: नुसती पोच पाठवायला वेगळं पाकीट कशाला, थोडं थांबा, उत्तर जायचंच असेल तर त्यातच पोच घाला. विंडोजमध्ये तेव्हा हे थांबणं दोन दशांश सेकंदांपर्यंतचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी विनंतीचे दोन भाग करून पाठवायला सुरुवात केली होती, आधी शीर्षक, मग मजकूर. शीर्षक जायचं. मजकूर पोचेसाठी अडायचा. सर्व्हर म्हणायचा, मजकूर आला की उत्तर देऊ आणि त्यातच पोच. दोन सज्जन माणसं दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभी राहावीत तसं.

काकांनी एका कोऱ्या व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडला. खरी खाती सहा हजार, तिनं गुणून अठरा हजार विनंत्या, गुणिले दोन दशांश सेकंद. छत्तीसशे सेकंद. एक तास. वीस मिनिटांचं काम एक तास वीस मिनिटांवर कसं गेलं, ते मिनिटाच्या हिशेबात जुळलं. बँकेतल्या माणसाला ताळा जुळण्याचं सुख वेगळं सांगावं लागत नाही.

सकाळी पुरवठादाराला फोन करून काकांनी पॅकेटांचे क्रमांक आणि वेळा वाचून दाखवल्या. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, प्रोग्रॅममधली एका ओळीची. साहेब मला काही म्हणाले नाहीत, पण प्रोबेशन संपल्याचं पत्र वेळेवर मिळालं. काकांनी त्या रात्रीचे पैसे लावले नाहीत. जाताना एथरियलची सीडी माझ्या हातात ठेवली. मी किंमत विचारली तर हसले. “याला किंमत नाही. म्हणजे खरंच नाही.”

हे कोडं मी पुढे सोडवलं. अमेरिकेत कॅन्सस सिटीत जेराल्ड कोंब्स हा तरुण एका छोट्या इंटरनेट कंपनीत कामाला होता. असली विकतची साधनं तेव्हा दीड हजार डॉलरच्या घरात होती, आणि त्याच्या कंपनीतल्या सोलारिस-लिनक्सवर ती चालतही नसत. म्हणून त्यानं स्वतःच एक लिहायला घेतलं आणि जुलै १९९८ मध्ये ०.२.० अशा नम्र क्रमांकानं सगळ्यांसाठी खुलं केलं. काही दिवसांतच अनोळखी लोक दुरुस्त्या पाठवू लागले. गिल्बर्ट रामिरेझ आला, गाय हॅरिस आला, टीसीपी-आयपी शिकवणारा रिचर्ड शार्प आला. ज्याला जो प्रोटोकॉल वाचता येत नव्हता, त्यानं त्याची उकल लिहून पाठवली. आज प्रोग्रॅमच्या माहितीच्या खिडकीत लेखकांची यादी उघडली तर बोट दुखेपर्यंत खाली सरकवत राहावं लागतं. मी ती एकदा शेवटपर्यंत वाचली आहे, लग्नातल्या आहेराची वही वाचावी तशी.

आमच्यासारख्या विंडोजवाल्यांवर आणखी एक ऋण होतं, इटलीतल्या तोरिनोच्या तंत्रविद्यापीठाचं. तारेवरून पॅकेटं उचलून देणारं विनपकॅप तिथलं. ते घडवणाऱ्यांतला लोरिस देजोआन्नी पुढे अमेरिकेत गेला, त्यानं कंपनी काढली, आणि २००६ मध्ये कोंब्स त्याच कंपनीत आला. जुनी नोकरी सोडताना कोंब्सला कोड घेऊन निघता आलं, नाव नाही. ‘एथरियल’ हे नाव मालकांकडे राहिलं. म्हणून वायरशार्क. मी घाबरून काकांना फोन केला होता, आपलं एथरियल बंद पडलं म्हणून. म्हणाले, “पोर तेच आहे रे, बारसं दुसऱ्यांदा झालंय.” २०२२ च्या सुरुवातीला कोंब्स पुन्हा याच देजोआन्नीच्या नव्या कंपनीत गेला, तेव्हा मला हा शब्द आठवला. ऋणानुबंध. तिकडे त्याला काय म्हणतात कोण जाणे.

मीही वर्षं मोजत गेलो ती आवृत्त्यांच्या हिशेबानं. १.० आली ती २००८ मध्ये, पहिल्या प्रसिद्धीनंतर जवळपास दहा वर्षांनी. एवढा संकोच मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिला नाही. तेव्हा मी पुण्यात आलो होतो. २.० ला, २०१५ च्या नोव्हेंबरात, सगळा चेहराच बदलला. तेव्हा माझ्या हाताखाली चार पोरं होती. काकांच्या आणि माझ्या भेटी कमी होत गेल्या. दिवाळीला फोन. त्यातही दोन वर्षं हुकली.

तर ४.० मध्ये ती फाइल उघडली. अठरा वर्षांपूर्वीची नोंद एकही कुरकुर न करता उलगडली. पण मांडणी बदललेली, नजर भरकटत होती, आणि नेहमीचा पोर्टचा फिल्टर टाइप करायचा राहून गेला. सगळा पूर पडद्यावर. मी सवयीनं आमच्या ओळी शोधत होतो आणि मधेच एक वेगळ्या रंगाची ओळ दिसली. सर्व्हरकडून नाही, शाखेकडूनही नाही. काकांच्या लॅपटॉपकडून. त्या काळचे विंडोजवाले लॅपटॉप नेटवर्कवर आपलं अस्तित्व स्वतःहून जाहीर करत, दर बारा मिनिटांनी, सगळ्यांना उद्देशून: मी आहे, माझं नाव अमुक. बारा मिनिटं खाली गेलो. पुन्हा तेच. फाइल संपेपर्यंत तेच.

नाव मोठ्या रोमन अक्षरांत होतं. मुलीचं.

मी काकांना फोन लावला. नव्या आवृत्तीचं सांगितलं. त्यांचा तो लॅपटॉप अजून कपाटात होता, चालतो म्हणाले. मी म्हटलं, त्याच्यावर ही आवृत्ती चढायची नाही, बत्तीस बिटांच्या विंडोजसाठी देणं त्यांनी आता थांबवलंय. “चालायचंच,” ते म्हणाले. मग मी त्या ओळीचं सांगितलं आणि विचारलं, काका, तुमची मुलगी तेव्हा केवढी होती?

“अडीच महिन्यांची.”

मला काही बोलता येईना. त्या रात्री मी त्यांना थांबवून घेतलं होतं.

“फार मनाला लावून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “रात्र रात्र रडायची. तुझ्या सर्व्हर रूममध्ये निदान शांतता होती.” मग थोडं थांबून, “आणि काय रे, फिल्टर काढायला अठरा वर्षं लागली?”

ते हसत होते. हसता हसता फोन कानापासून लांब धरून त्यांनी घरात कोणाला तरी हाक मारली. पडद्यावर माझ्यासमोर होतं तेच नाव.