संदर्भांची रुजुवात

इतिहासविषयक संशोधन-त्रैमासिकाचे संपादन करणाऱ्या माणसास कालांतराने एक विलक्षण सवय जडते. ती अशी की, हाती आलेला निबंध तो अखेरच्या पानापासून वाचू लागतो. सिद्धान्त किती अभिनव आहे, भाषा किती ओघवती आहे, याचा विचार मागाहून. लेखकाने कोणते कागद पाहिले, ते कोठे पाहिले, आणि जे पाहिले ते दुसऱ्यास सापडेल अशा रीतीने नमूद केले आहे की नाही, याची खात्री आधी. संदर्भसूचीस कोणी विद्वत्तेचा अलंकार समजतात, तर कोणी संपादकाचा जुलूम. माझ्या मते आपल्यावर विश्वास न ठेवणाऱ्या वाचकाची सोय लावणे हे तिचे खरे प्रयोजन होय. आपले विधान खोडून काढावयास उद्या जो कोणी उभा राहील, त्याला आपण ज्या कागदावर विसंबलो त्या कागदापर्यंत विनासायास पोचता यावे, एवढ्यासाठीच स्वल्पविराम, अर्धविराम आणि कंस यांचा हा सारा खटाटोप.

या खटाटोपाचे कायदेग्रंथ बहुतांशी पाश्चात्त्य विद्वत्संस्थांत सिद्ध झाले. ग्रंथकाराचे नाव व सन मजकुरातच कंसात देण्याची जी पद्धत हार्वर्डच्या नावाने ओळखली जाते, तिचा उगम तेथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधात मानतात. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे नियमपुस्तक १९०६ साली निघाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे आज जाडजूड झालेले नियम १९२९ साली अवघ्या सात पानांत मावत होते. आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ साली व्हँकुव्हर येथे जमून अनुक्रमांकांच्या पद्धतीस एकरूपता आणली. जेथे निष्कर्ष लवकर जुने होतात त्या शास्त्रास सन डोळ्यांसमोर हवा असतो. जेथे एकेका वाक्यास पाचसहा आधार द्यावे लागतात तेथे आकडाच सोयीचा पडतो. आणि इतिहासकारास कागदाचे हस्ताक्षर, मिती व विश्वसनीयता यांविषयीही चार शब्द बोलावयाचे असल्यामुळे त्याला तळटिपेवाचून गत्यंतर नसते.

म्हणूनच या पद्धतींत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा वाद मला निरर्थक वाटतो. एक पद्धत स्वीकारावी आणि अखेरपर्यंत पाळावी, यात मात्र सवलत नाही. एकरूपतेमुळे न लिहिलेल्या गोष्टीलाही अर्थ प्राप्त होतो. ज्या सूचीत दुसरी-तिसरी आवृत्ती काटेकोरपणे नोंदलेली असते, त्या सूचीत आवृत्तीचा उल्लेख नसलेला ग्रंथ प्रथमावृत्तीचा आहे असे वाचक निःशंकपणे समजू शकतो. पण तीच सूची आवृत्ती कोठे देत आणि कोठे लहरीप्रमाणे गाळीत गेली, तर ते मौन हेतुपुरस्सर की हयगयीचे याचा उलगडा होत नाही, आणि एका नोंदीतील ढिलाईने उरलेल्या साऱ्या नोंदींची साक्ष दुबळी होते.

मराठी साधनांच्या बाबतीत तर आवृत्तीचा हा आग्रह अपरिहार्य आहे. तुकोबांच्या अभंगाचा नुसता क्रमांक देऊन मोकळे होणारे अभ्यासक पुष्कळ. परंतु शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध केलेल्या गाथेतील क्रमांक इतर गाथांतील क्रमांकांशी जुळत नाहीत, आणि गाथेचे नाव न सांगणारा आकडा वाचकास भलत्याच अभंगाकडे नेऊन सोडतो. महाभारताचेही तसेच: भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हजारो श्लोक संहितेबाहेर तळटिपांत व परिशिष्टांत गेले, सबब तिचे अध्याय-श्लोकांक नीलकंठी प्रतीस लागू पडत नाहीत. उलट वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे जे खंड काढले, त्यांत पत्रांना लेखांक दिलेले असल्यामुळे अभ्यासकांची फार मोठी सोय झाली. पुनर्मुद्रणात पृष्ठांक सरकले तरी लेखांक सरकत नाही, म्हणून खंड व लेखांक यांचा हवाला पृष्ठांकाहून अधिक टिकाऊ समजावा.

मित्यांचा तपशील याहून नाजूक. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची ढोबळ रीत सर्वांस ठाऊक असते. पण ख्रिस्ती वर्ष पौषाच्या सुमारास पालटते आणि शकवर्ष चैत्रात, त्यामुळे वर्षअखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस दिला आहे. महिना फाल्गुन असल्यामुळे इसवी सन १६२९ न येता १६३० येतो, आणि जुन्या, म्हणजे ज्यूलियन, गणनेने दिनांक १९ फेब्रुवारी पडतो. त्या काळचे इंग्रज वर्षारंभ २५ मार्चला धरीत असल्याने त्यांच्या कागदांत त्याच फेब्रुवारीपुढे १६२९ चा आकडा घातलेला असावयाचा. आणि मृगापासून सुरू होणाऱ्या सुहूर सनाचा हिशेब तर आणखी निराळा. यास्तव माझे लेखकांस सांगणे असते की, कागदावरील मिती प्रथम जशीच्या तशी द्यावी आणि रूपांतर चौकटी कंसात घालावे. गणित चुकले तरी मूळ मिती शाबूत असली म्हणजे वाचकास ते पुन्हा मांडता येते.

नावांच्या बाबतीत परकी नियमपुस्तके आपणांस पुरी पडत नाहीत. आधी आडनाव व मग आद्याक्षरे हा क्रम राजवाड्यांना शोभतो. पण ज्ञानेश्वर किंवा कुसुमाग्रज यांच्यासाठी आडनाव आणावयाचे कोठून? ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आला, त्या नावामागे बाळूताई खरे होत्या, आणि विवाहानंतर त्याच मालतीबाई बेडेकर झाल्या. सूचीत ही नावे तीन ठिकाणी विखुरली तर एका लेखिकेच्या तीन लेखिका होतात. शीर्षकपृष्ठावर छापलेले नाव हेच नोंदीचे शीर्ष मानावे आणि इतर नावांखाली तिकडे निर्देश करावा, हा मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटतो.

मात्र ज्या दोषास मी क्षमा करीत नाही तो निराळाच आहे. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्या खंडांतून पत्र वाचावयाचे आणि तळटिपेत मात्र पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमालाचा आधार दाखवावयाचा, हा व्यवहार चांगल्या चांगल्या निबंधांत आढळतो. ज्याने रुमाल सोडून मोडी कागद स्वतः वाचला त्याने रुमालाचा व पुडक्याचा क्रमांक सांगावा. ज्याने छापील प्रत वाचली त्याने खंड व पत्राचा क्रमांक सांगावा. छापताना एखादे अक्षर चुकीचे लागले असेल, किंवा मिती अनुमानाने घातली असेल, तर त्या दोषास जबाबदार कोण, हे या एका नोंदीवरून ठरते. मध्यस्थाचे ऋण उघडपणे नमूद करण्यात कसलाही कमीपणा नाही.

अलीकडे मांडणीचे काम संगणकाकडे सोपविता येते, आणि तो एका पद्धतीची सूची क्षणार्धात दुसऱ्या पद्धतीत पालटून देतो, याबद्दल मी त्याचा कृतज्ञ आहे. पण भाषा रचणारी नवी यंत्रे कोणीही न लिहिलेल्या निबंधास लेखक, सन व पृष्ठांक बहाल करतात, आणि त्या नोंदीत स्वल्पविरामाचीही चूक नसते. मांडणीतील दोष संपादकास दिसतो. निर्दोष मांडणीमागील असत्य त्याला मूळ ग्रंथ उघडल्यावाचून दिसत नाही, आणि प्रत्येक ग्रंथ उघडणे त्याला शक्य नसते. तेव्हा निबंध रवाना करण्यापूर्वी लेखकानेच एकेक नोंद मुळाशी ताडून तिची रुजुवात घ्यावी. एवढे करूनही कोणी आपले मत खोडून काढलेच, तर ते आपणच दिलेल्या ठिकाणी जाऊन काढलेले असेल, आणि त्या निबंधाने शास्त्राची चाकरी रीतसर बजावली असे समजण्यास हरकत नाही.