पाऊण, पाऊस आणि बाजरी

१९ जून

दहावीच्या गणित भाग १ ला हात घालण्याआधी आज फळ्यावर पाचच प्रश्न लिहिले, सगळे सहावी-सातवीचे. २/३ आणि १/४ यांची बेरीज ३४ पैकी १९ जणांनी ३/७ अशी केली. वरचे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. ०.२५ मोठा की ०.५, यावर शेवटच्या बाकावरचा मुलगा ठामपणे म्हणाला, “पंचवीस मोठे की हो मॅडम, पाचापेक्षा!” ६० चे ३/४ किती, ही जागा ११ जणांनी कोरी सोडली. त्यांत तोही होता.

त्यालाच विचारलं, “कांदा साठ रुपये किलो असेल तर पाऊण किलोचे किती घेशील?”

“पंचेचाळीस.” पापणी लवायच्या आत.

तो आठवडी बाजारात वडिलांच्या शेजारी तागडी धरून बसतो. पाऊण त्याला येतो, ३/४ येत नाही. दोन्ही एकच आहेत हे त्याला शाळेत कुणी दाखवलं नाही. नववीला हा वर्ग माझ्याकडेच होता, तेव्हा ही चूक माझीही आहे.

२० जून

काल रात्री पुस्तक चाळत बसले. संभाव्यता हा पाचवा धडा, सांख्यिकी सहावा. हे धडे ‘गुण मिळवून देणारे’ म्हणून ओळखले जातात. सूत्र पाठ करा, सारणी भरा, उत्तर काढा. पण संभाव्यता म्हणजे अपूर्णांक. वृत्तालेख म्हणजे ३६० अंशांची वाटणी. गृहीतमध्याच्या रीतीत धन-ऋण संख्यांची बेरीज आली की निम्मा वर्ग तिथेच अडकतो. धडा अवघड नसतो, त्याच्याखालचा पाया खचलेला असतो.

ठरवलं की रोज तासाची पहिली दहा मिनिटं पायासाठी. त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव ते दीडचे पाढे घ्यायचे. मुलांना सांगितलंय, घरी आजोबांना विचारून या. आणि हातच्याची वजाबाकी घोटायला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची रीत. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. आज २०२५ घेतली: ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. ज्याचं ६१७४ येत नव्हतं तो आपली चूक आपणच शोधत होता. एरवी हीच मुलं पाच वजाबाक्या दिल्या की कंटाळतात.

आजपासून आणखी एक काम सुरू केलं. पाऊस मोजायला सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा शाळेशेजारी राहणाऱ्या वर्गातल्या एका मुलीच्या अंगणात उघड्यावर ठेवला. रोज सकाळी आठला पट्टी बुडवायची, मिलिमीटर वहीत लिहायचे, डबा रिकामा करायचा.

५ जुलै

पंधरा दिवसांची नोंद आज फळ्यावर उतरवली:

०, ०, ४, ०, ०, ०, २, ०, ०, ५२, ०, ३, ०, ०, १४

बेरीज ७५, भागिले १५. मध्य ५. “म्हणजे रोज सरासरी पाच मिलिमीटर पाऊस झाला,” मी म्हटलं. वर्ग गप्प. मग नोंद ठेवणारी मुलगीच उभी राहिली. “मॅडम, पाच मिलिमीटर एकाही दिवशी पडला नाही.”

मला जे सांगायचं होतं ते तिनेच सांगून टाकलं. संख्या चढत्या क्रमाने मांडल्या. आधी दहा शून्यं, मग २, ३, ४, १४, ५२. मधली, म्हणजे आठवी संख्या शून्य. मध्यक शून्य, बहुलकही शून्य. एकट्या ५२ ने मध्याला ओढून वर नेलंय. तो दिवस काढून पाहिला तर उरलेल्या चौदा दिवसांचे २३ मिलिमीटर, सरासरी दोनलाही पोचत नाही.

आमच्या खटाव तालुक्यातल्या मुलांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बातमीत ‘सरासरीइतका पाऊस’ असतो आणि रानात पेरणी खोळंबलेली असते, हे त्यांनी घरात पाहिलेलं आहे. एक जण म्हणाला, “मग सरासरी खोटी म्हणायची का?” खोटी नाही. तिने एकूण पाणी किती पडलं ते सांगितलं, कसं पडलं ते सांगितलं नाही. मध्य, मध्यक आणि बहुलक वेगवेगळे का शिकायचे, हे मी इतकी वर्षं व्याख्येने सांगत आले. यंदा डब्याने सांगितलं.

११ जुलै

पाऊणकी तिसापर्यंत झाली. एकीच्या आजीने औटकीही म्हणून दाखवली म्हणे. साडेतीनचा पाढा मलाही येत नव्हता, तो तिच्याकडून लिहून घेतला.

२ ऑगस्ट

संभाव्यता. दोन नाणी एकदम फेकली तर काय काय होईल? बाजारवाला मुलगा पुढे आला आणि फळ्यावर लिहिलं: दोन्ही छापा, दोन्ही काटा, एक छापा एक काटा. “तीन गोष्टी. म्हणून प्रत्येकाची १/३.”

खोडलं नाही. १७ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं नाणं दिलं. वीस-वीस वेळा फेका, सारणीत ताळ्याच्या खुणा करा. एकूण ३४० फेकी झाल्या: दोन्ही छापा ७९, दोन्ही काटा ८७, एक-एक १७४. तो आकड्यांकडे बघत राहिला. “हे तर निम्मे आलेत.” मग हातातल्या नाण्यांकडे बघितलं. “रुपयावर छापा नि पाचावर काटा, आणि रुपयावर काटा नि पाचावर छापा. हे दोन वेगळे हायत!” स्वतःच्या हाताने चौथी ओळ लिहिली. नमुना अवकाश हा शब्द मी त्यानंतर सांगितला.

त्याला हेही सांगितलं की अशीच गफलत दालाँबेअर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाकडून झाली होती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात त्याने लिहिलं, की दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता २/३. पहिल्याच फेकीला छापा आला की तो तिथेच थांबत होता, म्हणून त्याला तीनच शक्यता दिसल्या, आणि त्या तिन्ही त्याने सारख्या वजनाच्या धरल्या. खरं उत्तर ३/४. “पाऊण,” मुलगा म्हणाला.

संभाव्यतेत सूत्र एका ओळीचं असतं. ‘समसंभाव्य’ या शब्दाचं वजन मात्र हात न लावता कळत नाही.

२२ सप्टेंबर

वर्गातल्या एका मुलाच्या रानात आज गावाच्या उत्पादनाचा अंदाज काढणारा बाजरीचा पीक कापणी प्रयोग होता. परवानगी काढून बारा मुलांना घेऊन गेले.

कोणतं शेत, हे यादृच्छिक संख्यांवरून आधीच ठरलेलं. शेतात कुठली जागा, तेही तसंच. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने इतकी पावलं, रुंदीच्या बाजूने इतकी. तिथे खुंटी ठोकून १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीने आखला. मुलाचे आजोबा कळवळून म्हणाले, “अहो साहेब, हितं कणसं बारीक हायत. पल्याड घ्या की!” प्रयोग घेणारे कृषी सहायक शांतपणे म्हणाले, “आबा, जागा मी निवडली असती तर तुमचं ऐकलं असतं. संख्येने निवडलीय.”

मुलं हे ऐकत होती. वर्गात यादृच्छिक म्हणजे काय हे सांगताना मी नाणं आणि फासा यापलीकडे गेले नव्हते. चांगली जागा निवडली तर गावाचं उत्पादन फुगेल, वाईट निवडली तर पडेल, आणि कुणीही निवडली तरी संशय राहील. ही पद्धत १९४० च्या दशकात ज्यांनी उभी केली, त्या पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांच्यातले सुखात्मे आमच्याच तालुक्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. मुलांना हे नाव आज पहिल्यांदा कळलं.

मळणी होऊन दाणे भरले ६ किलो ४०० ग्रॅम. चौकोन ५० चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून २०० ने गुणायचं. गणित बाजारवाल्या मुलाने मागितलं. आधी १२८ लिहिलं, थांबला, सहा दोनशे बाराशे असं पुटपुटत १२८० केलं. हेक्टरी १२ क्विंटल ८० किलो. ओलाव्याची घट अजून धरायची आहे, हे सहायकांनी सांगितलं आणि मुलांनी वहीत लिहून घेतलं.

२४ सप्टेंबर

पालकसभेत आज एवढंच मागितलं. खासगी शिकवणीचे पैसे भरण्याआधी मुलामुलींना बाजाराला न्या, हिशोब त्यांना करू द्या, चुकला तर तिथेच पुन्हा करायला लावा. पाचवी ते आठवीच्या शिक्षकांनाही रोजची दहा मिनिटं मागितली आहेत. अपूर्णांक दहावीत शिकवायला घेणं म्हणजे चार वर्षं उशीर आहे.