फुकटचे तिकीट

‘फुकट’ हा शब्द कानी पडला की मी सावध होतो. सेमिनरीत हिशेबवही लिहिण्याची जी सवय लागली, तिचाच हा परिणाम असावा. कोणाच्या तरी नावे खर्च पडल्यावाचून कोणाची जमा होत नाही, हे त्या वहीने शिकविले.

२०२३ सालच्या जानेवारीत आमची आई देवाघरी गेली. धाकटा भाऊ टोरोंटोला. ऐनवेळच्या तिकिटाची किंमत ऐकून मीच त्याला म्हणालो, “तू येऊ नकोस, तेथूनच प्रार्थना कर.” तो म्हणाला, “दादा, दोन दिवस आईला ठेवा. माझ्यापाशी पॉइंट आहेत.” तिसऱ्या दिवशी पहाटे तो दारात उभा होता. आईच्या कपाळावर त्याने हात ठेवला आणि माझा बोलण्याचा धीर सुटला.

सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर ओटीवर बसून त्याने मला सारे उलगडून सांगितले. घरचा किराणा, प्रवास, विजेचे बिल, शक्य तो सर्व खर्च तो एका क्रेडिट कार्डावर करतो आणि दरमहा पूर्ण रक्कम चुकती करतो. खर्चाच्या प्रमाणात मिळालेले पॉइंट त्याने एअर कॅनडाच्या खात्यात वळविले होते. ही कंपनी १९९७ साली पाच विमान कंपन्यांनी स्थापलेल्या ‘स्टार अलायन्स’ या संघाची संस्थापक सदस्य. एअर इंडिया त्यात २०१४ साली सामील झाली. म्हणून एकीचे पॉइंट देऊन दुसरीच्या विमानात आसन मिळते. पैशांत भरावे लागतात ते कर आणि शुल्क. मात्र असे आसन दर वेळी मिळेलच असे नाही. शिवाय विमान कंपनीकडे वळविलेले पॉइंट सहसा परत बँकेकडे येत नाहीत. तेव्हा आधी आसन पाहावे, मगच पॉइंट वळवावेत.

पुढच्या वर्षी धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे. आईवडिलांना रोमची यात्रा घडवावी म्हणून तोही पॉइंट साठवीत होता. ते वाढावेत म्हणून त्याने खर्च वाढविला आणि बिलाची केवळ किमान रक्कम भरीत राहिला. आम्ही कागद पुढे ओढला. एक लाखाच्या खरेदीवर त्याला सुमारे हजार रुपयांचे पॉइंट मिळत. तेच लाख महिनाभर थकले की साडेतीन टक्क्यांनी साडेतीन हजार रुपये व्याज, वर जीएसटी. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. बँका हे पॉइंट विमान कंपन्यांकडून विकत घेतात. त्यासाठीचा पैसा येतो दुकानदारांकडून कापलेल्या शुल्कातून आणि थकबाकीदारांच्या व्याजातून. माझा भाऊ ज्या आसनावर बसून आईपाशी पोहोचला, त्याचे भाडे अशाच कोणा अनोळखी मुलाने भरले असेल काय? भाऊ आला याचा आनंद उणावत नाही. पण ते तिकीट फुकट होते, असे आता माझ्याने म्हणवत नाही.

त्या तरुणाने आपले कार्ड माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आणि वर्षभराने कर्ज फेडून परत नेले. आता तो दरमहा पूर्ण बिल भरतो. रोमची यात्रा अजून व्हायची आहे. “घाई नको, बाळा,” असे त्याच्या आईने त्याला सांगितले आहे.